गोव्याला कशासाठी?

आमच्या महाविद्यालयातील आम्ही पाच प्राध्यापिकांनी दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस पणजीला जायचे ठरवले आहे. या साध्या विधानावर आमच्या हिंगोली जिल्ह्यात पहिला प्रश्न येतो तो 'कधी' किंवा 'कशाने' असा नसतो, 'कशासाठी' असा असतो. दोन वर्षांपूर्वी आमचेच पुरुष सहकारी गोव्याला जाऊन आले, तेव्हा हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. त्यांच्या बाबतीत 'गोवा' हा शब्दच पुरेसे उत्तर होता. ऐकणारे मिस्कील हसले, एवढेच. 'दिल चाहता है' (२००१) या चित्रपटातही तीन मित्र गोव्याला जातात, आणि कशासाठी हे त्यांना सांगावे लागत नाही.

आम्हां पाचजणींना मात्र उत्तर द्यावे लागले. गंमत अशी, की एकमेकींना न विचारता पाचही घरांत एकच उत्तर दिले गेले: मंगेशी आणि शांतादुर्गेचे दर्शन. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ही गोष्ट उघड झाली, तेव्हा आम्ही खूप हसलो. घरी परतताना मात्र ते हसू टिकले नाही. मराठी साहित्य शिकवणाऱ्या, स्वतःचा पगार स्वतःच्या खात्यात घेणाऱ्या, पंचेचाळिशीच्या पाच बायकांना 'समुद्र बघायचा आहे' हे वाक्य उच्चारता आले नव्हते.

हे वाक्य आमच्या परंपरेत सहजी सापडतही नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांतली बाई निघते ती प्रामुख्याने दोन दिशांना, एक माहेरची आणि दुसरी पंढरीची. आमच्या जिल्ह्यातले नर्सी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते आणि जनाबाईंचे गंगाखेडही इथून लांब नाही. त्यामुळे दुसऱ्या दिशेची महती आम्हांला कोणी सांगायला नको. पण तिसरी दिशा नाही. लग्न, बाळंतपण, दवाखाना आणि मयत यांसाठी होणारा प्रवास हा प्रवास म्हणून गणलाच जात नाही, म्हणून तो सोडून देते.

एकोणिसाव्या शतकात स्त्री प्रथमच परदेशी निघाली, तेव्हाही तिला आधी कारण सादर करावे लागले. १८८३ च्या फेब्रुवारीत, वयाची अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या आनंदीबाई जोशी यांनी बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर व्याख्यान दिले. विषय होता, आपण अमेरिकेला का जात आहोत. त्या भाषणाचे धैर्य आपण वर्गात शिकवतो. मला अलीकडे त्यातली सक्ती अधिक जाणवते. इंग्लंड-अमेरिकेला जाणाऱ्या पुरुषांनाही समुद्रबंदीचा जाच होता, परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे, पण निघण्यापूर्वी भर सभेत उभे राहून खुलासा करण्याची वेळ त्यांच्यावर आल्याचे फारसे दिसत नाही. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरचे प्रवासवृत्त १८८९ साली प्रसिद्ध झाले. त्याच्यामागेही एक मोठे सामाजिक कार्य उभे आहे. कार्य मोठे होते यात शंका नाही. परंतु विनाकार्य बाई मराठी प्रवासवर्णनात यायला पुढे किती काळ जावा लागला, हेही पाहायला हवे. दरम्यान आमच्या लघुनिबंधकारांनी निरुद्देश भटकंतीला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली होती. रिकाम्या खिशाने आणि रिकाम्या मनाने हिंडणे हा पुरुषाचा रसिकपणा ठरला होता.

मीना प्रभू यांनी ती कोंडी फोडली. 'दक्षिणरंग', 'तुर्कनामा' ही पुस्तके बघण्याच्या निखळ हौसेतून आलेली आहेत. २०२५ साली त्या गेल्या, त्यानंतर एका तासाला मी त्यांच्याविषयी वर्गात बोलत होते. शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, त्या हिंडायच्या तेव्हा घरी स्वयंपाक कोण करायचं?" वर्ग हसला. मला तो प्रवासवर्णनावरचा मी ऐकलेला सर्वांत गंभीर समीक्षात्मक प्रश्न वाटतो.

कोणी म्हणेल, आता काळ बदलला, 'झिम्मा' (२०२१) आला, बायका टोळीने लंडनला निघाल्या आणि प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला. चित्रपट मलाही आवडला. पण तिथेही प्रत्येकीच्या पदरात एकेक दुखणे बांधून दिले आहे, आणि सहलीत ते बरे व्हायचे आहे. तीर्थयात्रेच्या जागी आत्मशोध आला, कारणाची अट तशीच राहिली. जिला कसलेही दुःख नाही, जिला नवरा बरा आहे, मुले बरी आहेत आणि तरीही चार दिवस मैत्रिणींबरोबर वाळूत बसून कणीस खायचे आहे, अशा बाईची कथा अजून कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

आमच्या बेतात मुंबईचाही पर्याय निघाला होता. २०२४ पासून जनशताब्दी थेट हिंगोलीहून सुटते, तेव्हा मुंबईचा समुद्र एका गाडीच्या अंतरावर आहे. पण मुंबईत प्रत्येकीचा कोणी ना कोणी दीर, भाचा, मावसबहीण आहे. तिथे लॉजवर उतरणे म्हणजे नातेवाइकांचा अपमान, आणि नातेवाइकांकडे उतरणे म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणे. पणजीत आमचे कोणीही नाही. मिरामारचा किनारा शहरातच आहे. सातशे किलोमीटरच्या घरातले अंतर त्या एका सोयीसाठी मान्य झाले. पुण्यापर्यंत एसटीने, कारण १७ मार्च २०२३ पासून आम्हांला अर्धे तिकीट आहे, पुढे रेल्वेने मडगाव. एका सहकारी मैत्रिणीने सुचवले, की गोव्यातले एखादे चर्चासत्र शोधावे, म्हणजे कर्तव्यरजाही मिळेल. चर्चासत्र हे आमच्या व्यवसायातले जागृत देवस्थान आहे, त्यामुळे ही सूचना खोडायला बराच वेळ लागला.

देवाचे नाव घेऊन बाहेर पडता येत असेल तर बिघडले कुठे, असा प्रश्न मला घरच्यांपेक्षा मैत्रिणींनीच विचारला. दिंडीत चालणाऱ्या आमच्या आज्यांनी भक्तीबरोबर मोकळी हवाही घेतली, हे मी जाणते, आणि त्या शहाणपणाला नावे ठेवण्याची माझी लायकी नाही. पण देव सोबत घेतला की त्याचे नियमही सोबत येतात. आमच्यापैकी दोघींच्या पाळीच्या तारखा त्याच चार दिवसांत येतात. दर्शनाचे नाव निघताच त्यातली एक पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची चौकशी करू लागली. समुद्राला पाळी चालते. केवळ समुद्राला जात असतो, तर हा विषय निघाला नसता.

दुसरे कारण माझ्या आईचे आहे. तिने आयुष्यात एकदाच समुद्र गाठला, यात्रेच्या बसमधून, रामेश्वरला. परत आल्यावर ती बावीस कुंडांच्या स्नानाविषयी कितीतरी दिवस बोलत होती. कुठल्या कुंडाचे पाणी किती थंड, ओल्या लुगड्याने किती वेळ उभे राहावे लागले, सगळे. मी विचारले, "आणि समुद्र गं?" ती म्हणाली, "व्हता की माय. पण बघायला सवड कुठं व्हती, बस सुटत व्हती." तिच्या पुण्याविषयी मला काही म्हणायचे नाही. ती समुद्राच्या काठावर उभी होती आणि तिला तो पाहता आला नाही, ही गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही.

मागच्या आठवड्यात मी घरी दुरुस्ती केली. म्हटले, मंगेशीला वेळ मिळाला तर जाऊ, पण मी चालले आहे समुद्र बघायला. सासूबाईंनी विचारले, "आणि?" मी म्हटले, "आणि काही नाही." नवरा वर्तमानपत्रातून वर पाहून पुन्हा वाचू लागला. त्यानंतर दोन दिवस घरात या विषयावर कोणी बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्या चार दिवसांत डब्याचे काय करायचे ते विचारले. अजून दोघींनी आपापल्या घरी हेच सांगितले. एकीने मंगेशीच ठेवला आहे, तो तिचा निर्णय आहे आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ आम्ही तिच्यासाठी राखली आहे. पाचवीच्या मुलीची यंदा बारावी आहे, आणि घरात अजून काहीच ठरलेले नाही. रोज सकाळी ती स्टाफरूममध्ये येते तेव्हा आम्ही तिच्या तोंडाकडे पाहतो. तिचे आरक्षण आम्ही रद्द केलेले नाही.