बोधगयेला जायचे, पण परतायचे कुठून?

‘बौद्ध सर्किट’ हा शब्द गेली काही वर्षे सरकारी जाहिरातींत सतत झळकतो. २० ऑक्टोबर २०२१ रोजी कुशीनगरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि कोलंबोहून भिक्खूंना घेऊन पहिले विमान तिथे उतरले. १६ मे २०२२ रोजी, बुद्ध पौर्णिमेला, लुंबिनीजवळ भैरहवा येथे गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. कोनशिला बसल्या, फोटो निघाले. पण कुशीनगरहून सुरू झालेली दिल्लीची विमानसेवा पुढे बंद पडली आणि भैरहव्यात आंतरराष्ट्रीय उड्डाणांची वानवाच राहिली.

मग नागपूर, पुणे, नांदेडच्या बौद्ध कुटुंबाने काय करायचे? आजवर आपण एकच करत आलो आहोत: एका ठिकाणी जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे. महाबोधी महाविहाराच्या मुक्तीसाठी फेब्रुवारी २०२५ पासून बोधगयेत आंदोलन सुरू झाले. त्यासाठी महाराष्ट्रातून गेलेल्या कार्यकर्त्यांपैकी अनेक जण सारनाथ न पाहताच परतले. कारण साधे आहे. परतीचे तिकीट गयेहूनच काढलेले असते.

इथे मल्टी-सिटी बुकिंगचा विचार करावा. म्हणजे एका शहरात उतरायचे आणि दुसऱ्याच शहरातून परतायचे. दिल्ली किंवा कोलकात्यामार्गे गयेला उतरा. बोधगया झाल्यावर रेल्वेने वाराणसी गाठून सारनाथ पाहा. तिथून गोरखपूर, मग कुशीनगर, आणि सोनौलीची सीमा ओलांडून लुंबिनी. परतीचे विमान गोरखपूरहून पकडा. गयेला माघारी जाण्याचा दिवस आणि भाडे दोन्ही वाचतात. वेळ कमी असेल तर सारनाथवरून वाराणसीहूनच परता. लुंबिनीसाठी व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ ठेवा. सरसकट आधार कार्डावर विसंबू नका.

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. देशांतर्गत प्रवासात ‘मल्टी-सिटी’ हे बटण दाबले की तिकीट स्वस्त होते, असे नाही. आपल्याकडे बहुतेक विमान कंपन्या प्रत्येक फेरीचे भाडे वेगळे धरतात, त्यामुळे दोन एकेरी तिकिटांची बेरीज जवळपास तेवढीच येते. बचत होते ती माघारी न फिरण्यात. म्हणूनच एक बाजू रेल्वेने आणि दुसरी विमानाने, हा हिशेब सामान्य घराला जास्त परवडतो. कोल्हापूर–धनबाद दीक्षाभूमी एक्स्प्रेस गयेवरून जाते. जाताना ती, येताना वाराणसीहून विमान, असेही जमते.

परदेशात मात्र गणित बदलते. तिथे अनेक कंपन्यांचे दोन्ही बाजूंचे तिकीट दोन एकेरी तिकिटांपेक्षा स्वस्त पडते आणि वाटेतल्या त्यांच्या मुख्य शहरात काही दिवस थांबण्याची मुभा कधी फुकट, कधी थोड्या जादा पैशांत मिळते. बँकॉकला धम्म परिषदेसाठी निघालेला तरुण कोलंबोमार्गे गेला, तर त्याच तिकिटात अनुराधापूरचा बोधिवृक्ष आणि कँडी पाहू शकतो. चोवीस तासांपेक्षा जास्त थांबलात की तो वेगळा मुक्काम धरला जातो आणि भाडे बदलू शकते. म्हणून साधे परतीचे तिकीट आणि मल्टी-सिटी, दोन्हींचे दर ताडून पाहा. प्रत्येक देशाचा व्हिसा नियम निघण्यापूर्वी तपासा.

तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, एकाच तिकिटातली मधली फेरी चुकवली तर पुढच्या सगळ्या फेऱ्या सहसा रद्द होतात. दोन, वेगवेगळ्या पीएनआरवर तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसरे चुकल्याची जबाबदारी कुणी घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत गया, वाराणसी, गोरखपूर भागात दाट धुके असते, तेव्हा मध्ये किमान एक रात्र ठेवा. तीन, सामानाची मर्यादा कंपनीगणिक वेगळी असते. पुस्तके आणि मूर्ती घेऊन येणाऱ्यांना याचा फटका बसतो.

बाबासाहेबांचा नोव्हेंबर १९५६ चा प्रवास आठवा. काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून ते थेट दिल्लीला परतले नाहीत. प्रकृती ढासळलेली असतानाही वाटेत बनारसला थांबले, विद्यार्थ्यांसमोर बोलले, सारनाथ आणि कुशीनगरला गेले. एका प्रवासात परिषद, प्रबोधन आणि धम्मस्थळे त्यांनी जोडली. आपल्या तरुणांनी प्रवास आखताना हीच दृष्टी ठेवावी. प्रत्येक मुक्कामी विहार पाहावे आणि तिथल्या कार्यकर्त्यांनाही भेटावे. उत्तर प्रदेश आणि बिहारमधली आंबेडकरी माणसे आपल्याला अजून पुरेशी ओळखीची नाहीत.

आणि तिकिटाची युक्ती कितीही चांगली असली तरी ती सरकारच्या जबाबदारीला पर्याय नाही. उडान योजनेत तासाभराच्या उड्डाणाला निम्म्या जागा सुमारे २,५०० रुपयांत देण्याचे ठरले होते. त्या धर्तीवर नागपूर–गया आणि मुंबई–कुशीनगर अशा थेट सेवांची मागणी आपल्या संघटनांनी खासदारांकडे लेखी करायला हवी. बुद्धाच्या नावाने विमानतळ बांधले, तर बुद्धाचे अनुयायी त्यावर उतरू शकले पाहिजेत.