पलंगाखालची रॅकेट

दिवाळीच्या तोंडावर आमच्या मलकापूरच्या घरात फटाक्यांआधीच बार उडाला. बारा वर्षांचा नातू टेनिसच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरून आला. सहा-एक, सहा-शून्य! रॅकेट पलंगाखाली सरकवली नि जाहीर केलं, "उद्यापासून मी बॅडमिंटन खेळणार."

चिरंजीव कडाडले. "तीन वर्षांची फी, पहाटे उठून कोर्टावर नेणं, सगळं पाण्यात? हे शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला सहावे आले, म्हणून कुस्ती सोडली त्यांनी? १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझ पदक घेऊनच परतले!"

दाखला बिनतोड. मला तर पाठच होता. चिरंजीव अकरावीत सायन्स सोडून चित्रकलेला जातो म्हणाले होते, तेव्हा मीच तो त्यांना ऐकवला होता. आज ते एका कारखान्यात इंजिनियर आहेत.

"अहो, तुम्ही तरी बोला की," सौ. चकलीच्या सोऱ्यावरचा हात न थांबवता म्हणाली.

मग मी आपल्या सांगलीत १९३३ साली जन्मलेल्या नंदू नाटेकरांची गोष्ट काढली. हा गृहस्थ आधी टेनिस खेळे, आणि साधंसुधं नव्हे! ज्युनियर राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तिथं गाठ पडली रामनाथन कृष्णनशी. हाच कृष्णन पुढं १९६० आणि १९६१ साली लागोपाठ विंबल्डनच्या उपान्त्य फेरीत खेळला. नाटेकर हरले, टेनिसला रामराम ठोकला आणि पिसांच्या फुलाकडे वळले. १९५४ साली ऑल इंग्लंड स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत. १९५६ साली क्वालालंपूरला सेलंगोर स्पर्धा जिंकली. परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाले, त्या पहिल्याच मानकऱ्यांत नाटेकर!

नातवाचा चेहरा फुलबाजीसारखा उजळला.

"बाबा, ते अंतिम सामन्यात कृष्णनकडून हरले होते," चिरंजीव म्हणाले. "हा पहिल्या फेरीत!"

हेही खरंच. मी गप्प बसलो. पण सूनबाईंनी विचारलं, "मग त्यांच्या घरातून टेनिस गेलं ते गेलंच?"

गेलं कुठलं! मुलगा गौरव टेनिसच खेळला आणि १९९४ साली हिरोशिमाच्या आशियाई खेळांत लिअँडर पेसच्या जोडीनं दुहेरीचं सुवर्णपदक घेऊन आला.

सूनबाईंनी रॅकेट पलंगाखालून काढली, पदरानं पुसली आणि कपाटात ठेवली. "राहू दे. विकायची नाही. बॅडमिंटनची नवी आणू भाऊबीजेनंतर." चिरंजीव काही बोलले नाहीत.

रात्री ओसरीवर ते आकाशकंदिलाचा कागद कापत बसले होते. कातरी अशी वळत होती की नुसतं बघत राहावं. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाबा, ही नाटेकरांची गोष्ट तुम्हाला तेव्हाही ठाऊक होती?"

"होती," मी म्हणालो, आणि खळीची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.