आधी रिकामे करायला शिकवा

1 ऑक्टोबर 2024 रोजी पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी घुसली. मुंबईतल्या राहत्या घरी. सुदैवाने ते बचावले, पण चर्चा त्यांच्या तब्येतीपाशीच थांबली. शस्त्र पहिल्यांदा हातात घेणाऱ्या माणसाला आपण काय शिकवतो, कोण शिकवतो आणि ते त्याला आले की नाही हे कोण पाहते, हे कुणी विचारलेच नाही.

नियम नाहीत असे नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवान्याच्या अर्जदाराला सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे केले. हाताळणी, साठवण, ने-आण, निगा हे सारे त्यात येते. मात्र प्रमाणपत्र फाइलला लागले की विषय मिटतो. पोलीस अहवाल येतो, चारित्र्य तपासले जाते. पण ज्याच्या हाती पिस्तूल जाणार, त्याला ते रिकामे करता येते का, हे समोर उभे करून पाहण्याची पद्धत आपण रुजवलेली नाही.

नवशिक्याचे कुठे चुकते, हे कोणताही उस्ताद सांगेल. मॅगझीन काढले की पिस्तूल रिकामे झाले असे त्याला वाटते. चेंबरमधली गोळी तिथेच असते. किंवा तो क्रम उलटा करतो. आधी स्लाइड ओढतो, गोळी बाहेर पडलेली पाहतो, निर्धास्त होतो आणि मग मॅगझीन काढतो. मधल्या क्षणात पुढे गेलेल्या स्लाइडने मॅगझीनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये नेलेली असते. म्हणून नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून बाजूला, आधी मॅगझीन बाहेर, नंतर स्लाइड मागे; मग चेंबर डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळीने चाचपायचे. रिव्हॉल्व्हर असेल तर सिलिंडर उघडून एकेक घर पाहायचे. अर्ध्या मिनिटाचे काम. पण ते हातात बसायला डमी काडतुसांवर शेकडो वेळा करावे लागते. एका दुपारच्या व्याख्यानाने ते येत नाही.

एनसीसीच्या कॅडेटला .22 रायफलीवर हीच शिस्त लावतात. फायर संपला की ‘खाली कर’, मग ‘जाँच शस्त्र’, आणि तपासणी झाल्याशिवाय कुणी जागचे हलत नाही. नेमबाज अंजली भागवत यांची वाटचाल एनसीसीतूनच सुरू झाली. नेमबाजीच्या रेंजवर स्पर्धक नेम धरत नसतो तेव्हा रायफलीच्या चेंबरमध्ये रंगीत सेफ्टी फ्लॅग घातलेला असतो. शस्त्र रिकामे आहे हे दुरूनही दिसावे म्हणून. शाळकरी मूल हे पहिल्या काही दिवसांत शिकते. कपाटात रिव्हॉल्व्हर ठेवणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थांकडून तेवढीच अपेक्षा ठेवायला काय हरकत आहे?

शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने हर्षोल्हासात होणारा गोळीबार गुन्हा ठरवला. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्हींची तरतूद केली. ते योग्यच झाले. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. पाच वर्षे न वापरलेला हात क्रम विसरतो. म्हणून परवाना देताना आणि प्रत्येक नूतनीकरणाला हाताळणीची प्रत्यक्ष परीक्षा हवी. त्यासाठी नवे खाते नको. पोलीस मुख्यालयात शस्त्रागार असते, शस्त्रे जाणणारी माणसे असतात.

आणखी एक संधी दर निवडणुकीत आपोआप येते. आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात आणि निकालानंतर पावती दाखवून परत मिळतात. त्या परतीच्या वेळी प्रत्येकाला डमी काडतुसे भरून शस्त्र रिकामे करून दाखवायला सांगावे. जो अडखळेल त्याचे शस्त्र ठाण्यातच राहू द्यावे. त्याने नीट शिकून यावे, करून दाखवावे आणि मगच घेऊन जावे.