फोनवरचा साहेब खरा की खोटा?

बालमित्रांनो, आज आधी एक प्रश्न. तुमच्या घरी आजीच्या नाहीतर आजोबांच्या मोबाइलवर मेसेज आला, तर तो वाचतं कोण? आमच्या वर्गात विचारलं तर हातच हात वर! "सर, मीच वाचतो." "सर, आज्जी मलाच म्हणते, बघ रं लेकरा काय आलंय." म्हणजे घरातले बँकेचे कारकून तुम्हीच की! मग खरा निरोप कोणता आणि खोटा कोणता, हे कारकुनाला कळायला नको का?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात आता पुष्कळ पैसा थेट खात्यात येतो. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्याकडे पुराने शेतं खरवडून नेली, तिथली मदत खात्यात. पीएम किसानचे दोन हजार खात्यात, लाडक्या बहिणीचे दीड हजारही खात्यात. त्यामुळे "तुमचं खातं बंद होणार" एवढं कुणी म्हटलं, की घरातल्या मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो. चोराला नेमकं तेच हवं असतं.

तो बोलतो कसा, बघा.

"नमस्कार आजी, बँकेच्या हेड ऑफिसातून बोलतोय. तुमचं केवायसी झालेलं नाही. आज संध्याकाळी पाचला खातं बंद होईल."

"आगं माय! मग आता काय करू बाबा?"

"घाबरू नका. घरात कुणी शिकलेलं आहे का? त्याच्याकडे फोन द्या."

आणि फोन येतो तुमच्या हातात! मग तो गोड आवाजात म्हणतो, "बाळ, आत्ता एक सहा आकडी नंबर येईल, तेवढा वाचून दाखव."

तो सहा आकडी नंबर म्हणजे ओटीपी. ती तिजोरीची किल्ली आहे. एकदाच चालते, पण चोराला एकदाच पुरे असते.

आता केवायसी ही काही थाप नव्हे बरं का. ग्राहकाची ओळख पटवणारी कागदपत्रं, म्हणजे आधार, पॅन, फोटो, बँक मधूनमधून खरंच मागते. खोट्याला खऱ्याचा असा थोडासा आधार असतो, म्हणून तर माणसं फसतात. आणि फक्त खेड्यातलीच फसतात असं समजू नका. मार्च 2023 मध्ये मुंबईत एका खासगी बँकेच्या चाळीसएक ग्राहकांचे पैसे तीन दिवसांत गेले. त्यांत एक नावाजलेली अभिनेत्रीही होती. मेसेज हाच: केवायसी आणि पॅन अपडेट करा. खाली लिंक. लिंक दाबली की बँकेसारखं पान उघडायचं. लोकांनी त्यात स्वतःच्या हाताने सगळं भरलं.

"पण सर, त्याला आजीचं नाव माहीत होतं! खाते नंबरही माहीत होता!" असं कुणी म्हणेल. असेल माहीत. आपण किती ठिकाणी आधारच्या आणि पासबुकाच्या झेरॉक्स देतो, आठवा. नाव माहीत असणं हा काही पुरावा नाही. पडद्यावर बँकेचं नाव दिसलं तरी भुलू नका. फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारी अ‍ॅप्स लोकांनी भरलेलं नाव दाखवतात. व्हॉट्सअ‍ॅपवर बँकेचं चिन्ह तर कुणीही फोटो म्हणून लावतो.

काही खुणा मात्र उपयोगाच्या आहेत. 2025 साली रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, की ग्राहकांना व्यवहाराचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरवरूनच करा आणि जाहिरातीचे 140 वरून. बँकेचा मेसेजही साध्या दहा आकडी नंबरवरून येत नाही, इंग्रजी अक्षरांच्या नावाने येतो. त्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं. एस म्हणजे सेवेचा, टी म्हणजे व्यवहाराचा, पी म्हणजे जाहिरातीचा आणि जी म्हणजे सरकारी. बँकांच्या वेबसाइटच्या पत्त्यांसाठीही त्याच वर्षी 'डॉट बँक डॉट इन' असा वेगळा शेवट ठरला.

एवढं पाठ केलं तरी माझं मन काही भरत नाही. चोर उद्या नवी खूण शोधेल. म्हणून मी मुलांना एकच युक्ती शिकवतो: फोन खरा की खोटा, हे फोनवर ठरवायचंच नाही. "बरं, आम्ही शाखेत येऊन बघतो," असं म्हणायचं आणि फोन ठेवायचा. मग पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर आपण फोन करायचा. खऱ्या बँकेला याचा राग येत नाही. आपल्या शाखेतले साहेब कधी साध्या नंबरवरूनही बोलावतील, पण ते म्हणतील, "कागद घेऊन शाखेत या." खोटा साहेब म्हणेल, "शाखेत जायला वेळ नाही, फोन ठेवू नका." ओटीपी, पिन आणि पासवर्ड तर खरी बँक फोनवर विचारतच नाही. आणखी एक: यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका," असं कुणी म्हणालं तर पैसे तुमचेच जाणार.

हे फोन येतात कुठून? झारखंडमधलं जामताडा यासाठी देशभर बदनाम झालं. याच जिल्ह्यातल्या कर्माटाडला बंगालचे थोर शिक्षक ईश्वरचंद्र विद्यासागर आयुष्याच्या उत्तरार्धात राहिले, संथाळ लोकांना औषध द्यायचे. तिथल्या रेल्वे स्टेशनला त्यांचं नाव आहे. शिक्षकाच्या नावाचं गाव आणि प्रसिद्धी कशाची, मला फार वाईट वाटतं. आता मात्र असे फोन कुठूनही येतात, परदेशातूनसुद्धा.

पत्रांकडे वळू. आपल्याकडची जुनी माणसं अजून 'हैदराबाद बँक' म्हणतात. निजामाच्या काळात, 1941 साली सुरू झालेली ही बँक 1 एप्रिल 2017 रोजी स्टेट बँकेत विलीन झाली. पुढे 1 मे 2025 रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एकत्र आल्या. असं झालं की आयएफएससी कोड, चेकबुक बदलतं आणि बँकेचा निरोप येतो. तो खरा असू शकतो. पण शाखेत तो कागद दाखवून खात्री करता येते, गडबड नसते. याउलट 'गाडी लागली, आधी कर भरा' असं सांगणारं स्क्रॅच कार्ड पोस्टाने आलं तर त्याची होडी करा. रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'तुमचे कोटी रुपये आमच्याकडे जमा आहेत' असं पत्र आलं तर हसा. रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्यासारख्यांची खातीच ठेवत नाही! या बँकेने 2022 साली 'राजू अँड द फॉर्टी थीव्हज' नावाचं चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात फसवणुकीचे चाळीस प्रकार आहेत. मोठ्यांबरोबर बसून जरूर बघा.

व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'पीएम किसान' किंवा 'गाडीचा दंड' अशा नावाची, शेवटी एपीके लिहिलेली फाइल आली तर ती उघडूच नका, मग काकांनी पाठवलेली का असेना. काकांचा फोनच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

आणि पैसे गेलेच तर? रडत बसायचं नाही, कुणावर ओरडायचंही नाही. पालकांनो, हे तुमच्यासाठी. मार खाण्याच्या भीतीने पोरगं दोन दिवस गप्प राहिलं, तर पैसे हातून जातात. 1930 या नंबरवर लगेच फोन करा. बँक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर सांगा. चोराने पैसे काढून घेण्याआधी ते वाटेतल्या खात्यात अडवता येतात. मग बँकेला कळवा आणि पोलीस ठाण्यात जा.

आता घरचा अभ्यास. पासबुक काढा, बँकेचा नंबर शोधा आणि 1930 च्या शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून आजीच्या कॉटजवळ भिंतीला चिकटवा. पुढच्या आठवड्यात चेक कसा लिहितात ते बघू. एक जुना, रद्द केलेला चेक मिळाला तर जपून ठेवा.