पक्कड उकळली आहे काय?

मांडूस जो जातो तो जहाजमहाल पाहतो, रूपमतीच्या मंडपातून दूरवर नर्मदेची रुपेरी रेघ शोधतो आणि परततांना गोरखचिंचेचे एखादे भले मोठे फळ पिशवीत टाकून आणतो. याच मांडूत सुलतान महमूद खिलजीने १४४५ च्या सुमारास एक मोठे रुग्णालय स्थापिले होते व त्यावर मौलाना फजलुल्ला या हकिमाची नेमणूक केली होती, हे मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. वाटाडे रूपमती आणि बाजबहादूर यांची प्रेमकथा तासभर सांगतात. रुग्णालयाचे नाव काढीत नाहीत. आम्हांसही ते त्या दिवशी आठवण्याचे कारण नव्हते. कारण घडले ते एका मुलाच्या दाढेमुळे.

शाळेच्या सहलीबरोबर आम्ही व आमच्या एक सहशिक्षिका गेलो होतो. नववीतील एका मुलाची दाढ सकाळपासून ठणकत होती. दुपारपर्यंत गाल सुजला आणि होशंगशहाच्या मकबऱ्याच्या पायऱ्यांवर बसून पोरगा रडू लागला. परतीच्या वाटेवरील एका गावी दंतवैद्याची पाटी दिसली, तेव्हा आम्हांस हायसे वाटले. खोली लहान, पण खुर्ची नवी, भिंतीवर हसऱ्या दंतपंक्तींची चित्रे. दंतवैद्यांनी मुलाच्या तोंडात डोकावून "काढावी लागेल" असे सांगितले. मग आधीच्या रोग्यासाठी वापरलेली पक्कड तबकातून उचलली, नळाखाली धुतली आणि फडक्याने पुसली.

आम्ही ते पाहिले आणि गप्प राहिलो. हे कबूल करणे सुखाचे नाही, पण खरे आहे. डॉक्टरांस प्रश्न विचारणे म्हणजे त्यांचा अपमान करणे, अशी आमच्या पिढीची समजूत. बाई मात्र गप्प राहिल्या नाहीत. त्यांनी अत्यंत नम्रपणे विचारले, "डॉक्टरसाहेब, पक्कड उकळली आहे काय?" साहेबांचा चेहरा पालटला. वीस वर्षांत आपणांस असे कोणी विचारले नाही, असे ते म्हणाले. बाईंनी त्यांचे आभार मानले, मुलाचा हात धरला आणि त्या बाहेर पडल्या. पोरगा रात्रभर तळमळला.

गाडीत त्यावरून दोन तट पडले. अर्ध्या मुलांचे म्हणणे, बाईंनी मुलास विनाकारण यातना दिल्या. परत आल्यावर मुलाच्या मातोश्रीही प्रथम रागावल्याच. म्हणून हा प्रश्न येथे मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट ही, की बाईंचा प्रश्नदेखील पुरता नव्हता! पाणी उकळल्याने पुष्कळ जंतू मरतात. परंतु काही जंतू स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करून बीजाणुरूपाने राहतात व उकळत्या पाण्यासही दाद देत नाहीत. त्यातून मांडू समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवर असल्यामुळे तेथे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे ९८ अंशांवरच उकळते, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. यावरील उपाय आपल्या स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरचाच मोठा भाऊ होय. फ्रान्समधील शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह हे यंत्र सिद्ध केले. त्यात वाफ कोंडून दर चौरस इंचास १५ पौंड दाब निर्माण केला, म्हणजे उष्णता १२१ अंशांपर्यंत चढते. त्या वाफेत हत्यारे पंधरा-वीस मिनिटे राहिली की ते चिवट बीजाणूही नष्ट होतात. हत्यारे आधी घासून स्वच्छ धुतलेली मात्र हवीत, कारण वाळलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ नीट पोहोचत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दाढ काढतांना रक्त येते, आणि रक्तातून यकृतास ग्रासणारा हेपॅटायटिस-बी हा विषाणू पसरतो. तो शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस तग धरू शकतो. ज्याच्या अंगी तो आहे त्याला स्वतःला कित्येकदा पत्ताही नसतो. तेव्हा आधीचा रोगी धडधाकट दिसत होता, या म्हणण्यास काही अर्थ राहत नाही.

तमिळनाडूतील वाणियंबाडी येथे २०२३ मध्ये जे घडले ते तर अंगावर काटा आणणारे आहे. माती व पाणी यांत आढळणाऱ्या एका जंतूने कित्येकांच्या मेंदूवर हल्ला केला. त्यांपैकी दहा जणांचा माग एकाच दंतचिकित्सालयापर्यंत लागला, आणि त्या दहांतील आठ जण दगावले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात कारण दिले आहे, ते इतके क्षुल्लक की विश्वास बसू नये. जखम धुण्याच्या सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या हत्याराने उघडली जाई, मग सैलसर बंद करून ठेवली जाई, आणि तीच पुन्हा पुढच्या रोग्यासाठी वापरली जाई. तेथे कोणाचा दुष्ट हेतू होता, असे आम्ही म्हणत नाही. नित्याची घाई आणि थोडी काटकसर, एवढेच. बाईंस दोष देणाऱ्या मुलांनी आपल्या एका रात्रीच्या ठणक्याशी हे ताडून पाहावे.

कायदा नाही, असे नाही. दंतवैद्यांविषयीचा अधिनियम १९४८ मध्ये झाला. नोंदणीवाचून हा व्यवसाय करण्यास त्याने मनाई केली. त्याच्या जागी नवा राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संसदेने २०२३ मध्ये संमत केला. दवाखान्यातील कचऱ्यासंबंधी २०१६ चे नियम आहेत. त्यांनुसार वापरलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात व रक्ताने माखलेला कापूस पिवळ्या पिशवीत जावयास हवा. परंतु पक्कड तबकातून उचलली जाते त्या क्षणी त्या खोलीत निरीक्षक नसतो, रोगी असतो. म्हणून त्याने विचारावे, असे आमचे मत आहे. पाटीवर नोंदणी क्रमांक आहे काय? हत्यारांचे पाकीट आपल्यासमोर फोडले काय? त्या पाकिटावरील खूण वाफेच्या उष्णतेने रंग पालटते. ती पालटली आहे काय? सुई नवी आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नास वैद्यकाचे ज्ञान लागत नाही.

यावर दुसरी बाजू आहे आणि ती आम्ही हलकी लेखत नाही. लहान गावात वीज जाते, यंत्रास पैसा पडतो, आणि रोग्यास शंभर रुपयेही जड वाटतात. हाटात रस्त्याकडेला बसून दात उपटणाऱ्याकडे जो शेतमजूर जातो, तो हौसेने जात नाही. दंतवैद्याने प्रत्येक रोग्यासाठी वेगळा संच ठेवावा असे म्हणतांना तो खर्च कोणी सोसावयाचा, हेही म्हटले पाहिजे. आमच्या मते तो शासनाने सोसावा. इंदूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६१ पासून चालू आहे. पण दाढ दुखणाऱ्याने नालछ्याहून इंदूर गाठावे ही अपेक्षा शहाणपणाची नव्हे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक खुर्ची, एक दंतवैद्य व एक चालते ऑटोक्लेव्ह असावे, ही मागणी काही अवाच्या सवा नाही.

स्वच्छ हत्यारांनीच चांगला दंतवैद्य ठरतो, असेही नाही. धार जिल्ह्यातील कित्येक गावांत मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. ते घासल्याने जात नाहीत, आणि त्यात मुलांचा आळस नसतो. कूपनलिकेच्या पाण्यातील फ्लुओराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पलीकडे गेले, आणि कायमचे दात हिरडीत घडत असतांना मूल ते पाणी पीत राहिले, म्हणजे हे डाग उमटतात. कोणी त्यांवर तेजाब चोळून पैसे घेतो. दाताचे कवच मात्र झिजते. दुसऱ्या दिवशी ज्या दंतवैद्यांकडे आमचा मुलगा गेला, त्यांनी दाढ पाहण्यापूर्वी विचारले, "बाळ, घरी पाणी कुठले पितोस?" आम्हांस तो प्रश्न फार आवडला.

ती दाढ काढावी लागली नाही, हे सांगावयाचे राहिले. मूळ साफ करून ती भरली. चार खेपा झाल्या, आणि खर्च काढण्याच्या कितीतरी पट आला. मातोश्रींचा राग अजून पुरता गेलेला नाही; आपण बाईंवर रागावलो नसून बिलावर रागावलो आहो, असे त्या आता म्हणतात. मुलाने पहिल्या दिवशीचे फोडलेले पाकीट मागून घेतले. त्यावरील काळी पडलेली खूण तो कंपासपेटीतून काढून वर्गात सर्वांस दाखवीत असतो.