कारकुनी माणसाने का करावी?

तर मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण त्यांच्याशी, जे म्हणतात, "कमांड लाईन वगैरे राहू दे रे, ६० तर फायली आहेत, बसून एकेक करून टाकू!"

"करून टाकू" म्हणजे नक्की कोण? साहेब तर नाहीच. हे काम नवीन लागलेल्या पोराच्या किंवा पोरीच्या गळ्यात पडतं. रिलीजच्या आदल्या रात्री मॅन्युअलची फाईल उघडा, एचटीएमएल म्हणून सेव्ह करा, बंद करा, पुढची उघडा... चाळिसाव्या फायलीला डोळे मिटायला लागतात, एक राहून जाते आणि ग्राहकाकडे जुनंच पान जातं. ते वाचून तिकडे कुणी चालू डेटाबेसवर भलतीच कमांड दिली, की इकडे सगळे त्या पोरावर तुटून पडणार!

अहो, बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमनने 'मेक' लिहिलं ते १९७६ साली. फायलींच्या वेळा ताडून पाहायच्या आणि जी बदलली तेवढीच पुन्हा बनवायची, एवढं साधं त्याचं काम. 'अ‍ॅस्कीडॉक्टर'ला फायलीच्या नावाऐवजी 'तारा डॉट एडॉक' दिलं की फोल्डरमधल्या प्रत्येक फायलीचं वेगळं पान तयार. जॉन मॅकफार्लेनचं 'पॅनडॉक' (२००६) मात्र अनेक फायली एकदम दिल्या तर सगळ्या जोडून एकच फाईल करतं. वेगवेगळ्या हव्या असतील तर शेलमध्ये तीन ओळींचं लूप लावा. संपलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "स्क्रिप्टपण चुकते की!"

चुकते ना. लूपमधली मधलीच फाईल फसली आणि शेवटची नीट झाली, तर शेल खुशाल 'सगळं ठीक' सांगतो. अ‍ॅस्कीडॉक्टरसुद्धा 'फेल्युअर लेव्हल' ठरवून दिली नाही तर नुसते इशारे छापून यशस्वी म्हणून मोकळा होतो. पण हे एकदा स्क्रिप्टमध्ये दुरुस्त केलं की पुढच्या प्रत्येक रिलीजला दुरुस्तच राहतं. माणूस दर रिलीजला नव्याने दमतो, त्याला काय पॅच लावणार?

आपण गिऱ्हाईकांना ऑटोमेशन विकतो आणि आपल्याच पोरांना कारकुनी करायला लावतो. याला काटकसर म्हणत नाहीत, आळस म्हणतात. आणि तोही दुसऱ्याच्या झोपेवर!

असो. सोमवारी ती तीन ओळींची स्क्रिप्ट लिहा. पोरांना घरी जाऊ द्या.