परिषदेला जा, पण गावाची वही घेऊन जा



गेल्या महिन्यात शाहूवाडी तालुक्यातल्या एका वाडीतला तरुण आमच्याकडे आला. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेला. भूजलावरच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याचा निबंध स्वीकारला गेला आहे. प्रवासखर्चाची जुळवाजुळव चालू आहे. पण बाप विचारतो, "तितं जाऊन आपल्या हिरीला पानी येनार हाय व्हय?"

प्रश्न रोकडा आहे. त्याला टाळून चालणार नाही. आम्ही स्वतः त्या वाटेने गेलो आहोत, म्हणून उत्तर देणे आमचेच काम.

डिसेंबर 2012 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आंतरराष्ट्रीय भूजल परिषद भरली होती. विषय होता कठीण खडकातले, विशेषतः बेसाल्टमधले पाणी. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग याच काळ्या खडकावर वसलेला. म्हणजे विषय आपल्याच घरचा. मराठवाड्यात त्या साली दुष्काळ होता. आत खडकातल्या पाण्याची चर्चा, बाहेर रस्त्यावर टँकर.

आम्ही आंबा परिसरातल्या झऱ्यांवर एक तक्ता लावला होता. एक वयस्क परदेशी संशोधक थांबले, तक्ता नीट वाचला आणि एकच प्रश्न विचारला, "नोंदी किती वर्षांच्या आहेत?" आमच्याकडे होत्या एका उन्हाळ्याच्या. ते मान हलवून पुढे गेले. आम्हाला त्यांचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. कोणता झरा शिमग्याला आटतो आणि कोणता अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकतो, हे चाळीस वर्षांचे सांगणाऱ्या म्हाताऱ्या त्याच वाडीत होत्या. ते कोणी लिहिले नव्हते. आणि कृषी पदवीधर म्हणवणाऱ्या आम्हीही त्यांना विचारले नव्हते.

मग परिषदेतून काय आणले? खडकाचा हिशेब आणला. पाझरणाऱ्या बेसाल्टच्या शंभर भागांतून पाणी मिळते साधारण दोन भाग. एका एकराखालची पातळी एक मीटर उतरली की हाती येते सुमारे 81 हजार लिटर. उसाच्या एकराला दोन इंचांची एक पाळी द्यायची तर लागते दोन लाख लिटर. म्हणजे एका पाळीला अडीच मीटर पातळी गेली! शेजाऱ्याने तीनशे फूट बोअर मारली म्हणून आपण चारशे मारायची, या शर्यतीत जिंकतो कोण? खडक तेवढाच, पाणीही तेवढेच.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. देशात तालुकावार भूजलाचा अंदाज काढतात, तेव्हा 20 टक्क्यांहून जास्त उताराचा डोंगराळ भाग पुनर्भरणाच्या हिशेबातून वगळतात. उतारावर पाणी मुरत नाही, वाहून जाते, हे त्यामागचे शास्त्र. ते खोटे नाही. पण आपल्याकडे सड्यावरचा जांभा पावसाचे पाणी पितो, खालच्या घट्ट थरावर ते अडते आणि डोंगराच्या कुशीत झरा होऊन फुटते. कितीतरी वाड्या आणि धनगरवाडे याच झऱ्यांवर जगतात. जांभा भरतो लवकर तसा रिकामाही होतो लवकर. आषाढात ज्या वाडीला पावसाने बाहेर पडता येत नाही, तीच वाडी वैशाखात घागर घेऊन फिरते. तालुक्याच्या आकड्यात या वाडीचा आकडा कुठे शोधायचा?

तो आकडा आपणच लिहायचा आहे. शासनाची भूजल यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. त्याच महिन्यांत प्रत्येक गावाने आपल्या पाच विहिरी मोजाव्यात. गाठी मारलेली दोरी, दगड आणि शाळेची वही, एवढ्यावर काम भागते. झऱ्याखाली घागर धरावी आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहून लिहावे. तारीख विसरू नये.

येत्या जिल्हा मेळाव्यात आम्ही तीन ठराव मांडणार आहोत. एक, प्रत्येक गावात पाण्याची वही. दोन, शासनाने डोंगरातल्या झऱ्यांची वेगळी मोजणी करावी आणि तिथे आपल्या वह्या पुरावा म्हणून घ्याव्यात. तीन, आपल्या मुला-मुलींना अशा परिषदांना जाण्यासाठी वर्गणी काढावी. अट एवढीच की परत आल्यावर त्यांनी चावडीवर, मराठीत, सगळा हिशेब द्यावा.

त्या बापाला आमचे उत्तर असे: परिषदेने विहिरीला पाणी येत नाही. पण ज्या पाण्याची नोंद नाही, त्याच्यावर उद्या हक्क सांगता येणार नाही. पोराला पाठवा. जाताना त्याच्या पिशवीत वही आहे ना, तेवढे बघा.